ठक, ठग आणि थग

भारतीय भाषांनी इंग्रजीला कोणकोणते शब्द दिले, याची यादी दर वर्षी कुठे ना कुठे छापून येते. बंगला, शांपू, पायजमा, लूट, आणि मग हमखास ‘ठग’. यादी देणाऱ्याच्या सुरात एक समाधान असते. साहेबाच्या कोशात आपलीही चार भांडी आहेत, असे काहीसे. अशा याद्या मी जमवल्या आहेत, एकेकाळी स्वतः केल्याही आहेत. पण या एका शब्दाच्या मागे काही वर्षे हिंडल्यावर माझे मत असे झाले आहे की ‘ठग’ला त्या यादीतून काढायला हवे. त्यातला ध्वनी आपण दिला, हे खरे. अर्थ आपण दिलेला नाही. तो कुठे तयार झाला, कोणी केला आणि कोणत्या कामासाठी केला, हे बऱ्याच तपशिलात सांगता येते. शब्दांच्या इतिहासात इतकी सोय क्वचित मिळते.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा जुन्या संहितेतली जी कलमे नव्या पुस्तकात घेतली गेली नाहीत त्यांत ३१० आणि ३११ ही दोन होती. ३१० मध्ये ‘ठग’ कोणाला म्हणावे याची व्याख्या होती आणि ३११ मध्ये शिक्षा. खुनासह किंवा खुनाच्या मार्गाने लूट अथवा मुले पळवण्याचे काम करणाऱ्यांशी ज्याचा नित्याचा संबंध आहे तो ठग, आणि त्याला जन्मठेप. नव्या संहितेत ३१० हा क्रमांक दरोड्याला मिळाला आहे. हा बदल झाला तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि जावे असे त्यात वरवर काही नव्हतेही. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या कलमात शिक्षा कृत्याला नव्हती. अमुक एक माणूस ‘असणे’ हाच गुन्हा होता. चोरी करणाऱ्याला चोरीची शिक्षा होते. ठगाला ठग असण्याची होई. असे कलम कायद्यात कसे शिरले, हे पाहिले की शब्दाचा अर्थ कसा घडला तेही कळते.

प्रथम शब्द घरी असतानाचा पाहू. संस्कृतात ‘स्थग्’ हा धातू आहे, झाकणे वा लपवणे या अर्थाचा. ‘स्थगित’ त्यातलाच. ‘स्थग’ म्हणजे लबाड, कपटी असा अर्थ कोशांत मिळतो. प्राकृतातून हिंदीत तो ‘ठग’ झाला आणि मराठीत ‘ठक’. हिंदीत ‘ठगना’ म्हणजे फसवणे. कबीरांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध पदात तर खुद्द माया हीच सगळ्यांत मोठी ठगणारी ठरते. ‘ठगाचे लाडू’ हा जुना हिंदी वाक्प्रचार आहे. वाटेत भेटलेल्या गोडबोल्याने दिलेला, खाल्ल्यावर भान हरपवणारा लाडू. मराठीत आपण ठकतो, ठकवतो, ठकबाजी करतो. शेराला सव्वाशेर भेटला की ‘ठकास महाठक’ म्हणतो, आणि त्या म्हणण्यात महाठकाबद्दल थोडे कौतुकच असते. लोणी चोरणाऱ्या कृष्णाला लाडाने ‘ठकडा’ म्हणता येते. आजही बँकेच्या नावाने फोन करून कोणी पैसे काढून घेतले की वर्तमानपत्रे त्याला ‘ठकसेन’ म्हणतात. या सगळ्या घरात गळा दाबलेला कुठे दिसत नाही. ठक बुद्धीने लुबाडतो. त्याचे हत्यार तोंडात असते.

याला उत्तर म्हणून झियाउद्दीन बरनीचा दाखला नेहमी दिला जातो. चौदाव्या शतकातला हा दिल्लीचा इतिहासकार. जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे १२९० च्या सुमारास, दिल्लीत काही ठग पकडले गेले, त्यांच्यातल्याच एकाच्या माहितीवरून हजारभर आणखी सापडले, असे तो लिहितो. सुलतानाने एकालाही मारले नाही. सगळ्यांना नावांत घालून बंगालकडे लखनौतीला पाठवले आणि तिथे सोडून दिले. या परिच्छेदावरून ‘सातशे वर्षांची खुनी परंपरा’ उभी करणारी पुस्तके आहेत. पण बरनीच्या मजकुरात फास नाही, खून नाही, देवी नाही. फसवणारे चोर आहेत, बस्स. पुढच्या काळातला अर्थ मागच्या शब्दात ओतण्याचा हा नमुना मी शिकाऊंना मुद्दाम दाखवतो, कारण शब्दांच्या अभ्यासात सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. शब्द तोच दिसला की वस्तूही तीच असणार, असे आपण धरून चालतो.

उलट बाजूनेही पाहता येते. फास टाकून वाटसरूंना मारणारे लुटारू होते, पण त्यांना ‘ठग’ म्हटलेले नाही. थेव्हनो हा फ्रेंच प्रवासी १६६६-६७ मध्ये हिंदुस्थानात होता. दिल्ली-आग्रा रस्त्यावर फास टाकण्यात तरबेज अशा चोरांबद्दल त्याने लिहिले आहे. नाव दिलेले नाही. १८१६ साली मद्रासच्या डॉ. रिचर्ड शेरवुडने दक्षिणेतल्या अशा टोळ्यांवर एक निबंध लिहिला, जो पुढे १८२० मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तेराव्या खंडात आला. त्यात त्यांचे नाव ‘फासीगार’ आहे. म्हणजे वस्तू होती आणि शब्दही होता, पण दोघांची गाठ पक्की बसलेली नव्हती. उत्तरेत ती बसायला सुरुवात झाली होती. इटावाच्या आसपास विहिरींत प्रेते सापडू लागली, तेव्हा तिथल्या थॉमस पेरी नावाच्या मॅजिस्ट्रेटने १८०९ पासून तपास चालवला. १८१० मध्ये मेजर जनरल सेंट लेजरने रजेवर घरी जाणाऱ्या शिपायांना वाटेतल्या ‘ठगां’पासून सावध राहण्याचा हुकूम काढला, इंग्रजी लिखाणातल्या या शब्दाच्या सुरुवातीच्या नोंदींत हा हुकूम येतो. शिपाई पगार साठवून गावी निघत आणि पोहोचत नसत. ही भीती खरी होती.

हे ठासून सांगतो, कारण ‘ठग हे सगळे इंग्रजांनी रचलेले कुभांड’ असे म्हणण्याची एक फॅशन मध्यंतरी येऊन गेली. ते मला पटत नाही. विहिरीतली प्रेते कुणी रचलेली नव्हती. हिरालाल गुप्तांनी १९५९ मध्ये, स्ट्युअर्ट गॉर्डनने १९६९ मध्ये आणि किम वागनरने २००७ च्या आपल्या पुस्तकात वेगवेगळ्या बाजूंनी जे दाखवले आहे ते अधिक विश्वसनीय वाटते. फौजा मोडल्या, जमीनदारांचे आश्रय गेले, रस्त्यावर पैसा मात्र वाहत होता. हंगामी टोळ्या जमत, त्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही असत, आणि काम झाले की माणसे शेतीवर परतत. चंबळेच्या खोऱ्यातल्या सिंदौस परगण्यात, शिंद्यांच्या अमलाखाली, ठगांच्या घरांवर कर आकारला जाई, हे वागनरच्या पुस्तकात वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो. आपल्या मराठी कमाविसदाराच्या वहीत ‘ठग’ हे घरपट्टीचे एक सदर असावे! त्यात नैतिक अभिमान बाळगावा असे काही नाही; लुटीतला वाटाच तो. पण वहीतल्या त्या शब्दाला गूढ काही नव्हते. शेजारच्या गावात कोण काय करून खातो, याची ती नोंद होती.

गूढ आले ते पुढे, आणि त्याची तारीखही देता येते. ऑक्टोबर १८३० मध्ये ‘कलकत्ता लिटररी गॅझेट’मध्ये एक निनावी पत्र छापून आले. मिर्झापूरजवळच्या विंध्याचलचे देऊळ हे खुनी ठगांचे पीठ आहे, तिथले पुजारी त्यांचे आश्रयदाते आहेत आणि देशभर पसरलेल्या एकाच धर्मपंथाचे हे जाळे आहे, असा त्याचा आशय. पत्र लिहिणारा होता विल्यम हेन्री स्लीमन. कॉर्नवॉलचा, १८०९ मध्ये कंपनीच्या फौजेत आलेला, आता नर्मदाकाठच्या मुलखात मुलकी अधिकारी. पुढच्या पाच वर्षांत तो ठगी निर्मूलन मोहिमेचा मुख्य अधीक्षक झाला, आणि १८३६ मध्ये कलकत्त्यात त्याचे ‘रामसीयाना’ प्रसिद्ध झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक. ते दिसायला शब्दकोश आहे. ठगांची गुप्त बोली ‘रामसी’, तिचे शब्द आणि अर्थ, आणि पुढे माफीच्या साक्षीदारांशी झालेली प्रश्नोत्तरे.

कोश म्हणून मी ते वाचले आणि कोश म्हणूनच त्याच्यावर माझा आक्षेप आहे. त्यातले पुष्कळ शब्द धंद्याचे आहेत. सावज ठरलेल्या वाटसरूला ‘बनिज’ म्हणत, म्हणजे व्यापाराचा माल. गोड बोलून वाटसरूला जाळ्यात आणणारा वेगळा, गळा आवळणारा वेगळा, खड्डा खणणारा वेगळा, प्रत्येकाला नाव. इशाऱ्याचे शब्द वेगळे. हे वाचताना मला आपला गुरांचा बाजार आठवत राहिला. हेडी आणि दलाल अजूनही उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात धरून, बोटांनी भाव करतात, आणि आकड्यांना त्यांचे स्वतःचे शब्द असतात. शेजारी उभ्या शेतकऱ्याला ओ की ठो कळत नाही. ज्या धंद्यात ऐकणाऱ्याला फसवायचे किंवा निदान अंधारात ठेवायचे असते, त्या प्रत्येक धंद्याला परोक्ष बोली असते. तिच्यावरून धंदा सिद्ध होतो. धर्म, वंश किंवा राष्ट्रव्यापी संघटना सिद्ध होत नाही. स्लीमनने बोलीचा कोश केला आणि त्यातून एक जमात उभी केली. भाषा वेगळी, म्हणजे लोक वेगळे, असा त्या काळच्या युरोपीय विद्वानांचा सरधोपट हिशेब होता. त्याच हिशेबाने इथे आरोपपत्र तयार झाले.

देवीच्या कथेचेही तसेच. साक्षीदारांनी स्लीमनला सांगितले की राक्षसाच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा राक्षस निपजू लागला, तेव्हा देवीने आपल्या घामातून दोन पुरुष निर्माण केले, त्यांना वस्त्र दिले आणि रक्त न सांडता मारायला सांगितले. तेच आमचे पूर्वज. सप्तशतीचा पाठ कानावरून गेलेला कोणीही मराठी वाचक रक्तबीजाला लगेच ओळखेल. आणि हेही ओळखेल की ही कुळकथा आहे. आपल्याकडे शिंप्यापासून कासारापर्यंत प्रत्येक व्यवसायाला अशी कथा आहे, देवाने अमक्या प्रसंगी आमच्या मूळ पुरुषाला हे काम दिले म्हणून. ती सांगणारा माणूस आपल्या पोटापाण्याला प्रतिष्ठा देत असतो. स्लीमनने तिला हेतू मानले. खुनाचे कारण लूट नसून पूजा आहे, असे एकदा ठरले की मग समोरचा माणूस सुधारण्यापलीकडचा होतो. गंमत म्हणजे प्रश्नोत्तरांत साक्षीदारांचेच एकमत नाही. भवानी आणि फातिमा एकच, असे एक मुसलमान साक्षीदार सांगतो, तर दुसरा ते साफ नाकारतो. स्लीमन दोघांचेही उतरवून घेतो, हा त्याचा प्रामाणिकपणा. निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला राहतो. आणि सांगणारे कोण, हेही विसरू नये. फाशी टळलेली माणसे ही. त्यांचा जीव साहेबाला उपयोगी पडण्यावर टिकून होता. त्यांनी ‘ठग’चा जो अर्थ सांगितला तोच कोशात गेला. कैद्याने सांगावे आणि फिर्यादीने अर्थ लिहावा, असा दुसरा कोश माझ्या पाहण्यात नाही.

त्याच वर्षी, १८३६ मध्ये, तिसाव्या क्रमांकाचा कायदा झाला. कंपनीच्या मुलखात वा बाहेर, कायदा होण्यापूर्वी वा नंतर, ठगांच्या कोणत्याही टोळीत असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप, सक्तमजुरीसह. मौलवीच्या फतव्याची गरज नाही. खून सिद्ध करण्याचीही गरज नाही. राधिका सिंघांनी या कायद्याची चिकित्सा फार बारकाईने केली आहे. तिच्यात मी भर घालावी असे काही नाही. मला थांबवते ती एकच गोष्ट. या कायद्यात ‘ठग’ म्हणजे कोण, हे कुठेच सांगितलेले नाही! ज्या शब्दावर माणसे आयुष्यभर तुरुंगात जाणार, तो शब्द सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरले होते. न्यायाधीशांना शंका येऊ लागल्या. अखेर १८४८ मध्ये तिसऱ्या क्रमांकाचा कायदा झाला आणि त्याचा उद्देशच मुळी ‘ठग’ व ‘ठगी’ या शब्दांच्या अर्थाबद्दलच्या शंका दूर करणे हा होता. विधिमंडळाने बसून शब्दार्थ ठरवला, बारा वर्षे उशिरा, आणि तो पूर्वलक्षी केला: या शब्दाचा अर्थ असा आहे आणि पूर्वीही असाच होता. तोवर शिक्षा होऊन गेलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यात नाही. तो अर्थ थोड्या फरकाने १८६० च्या दंड संहितेत आला आणि तिथे २०२४ पर्यंत राहिला.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जन्मठेपेच्या वा काळ्या पाण्याच्या ठगांच्या चेहऱ्यावर हा शब्द गोंदवण्याची पद्धत होती. ‘गोदना’ हाच शब्द इंग्रजी सरकारी कागदांतही येतो. १८४९ मध्ये गोंदण्याची शिक्षा बंद झाली. कोशात अर्थ छापला जात होता त्याच सुमारास तो कातडीवरही उतरत होता.

तरीही हे सगळे कचेरीतच राहिले असते. इंग्रजी घरांत शब्द पोहोचवला तो एका कादंबरीने. फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’ लंडनमध्ये १८३९ साली तीन भागांत निघाली आणि धडाक्याने खपली. टेलर आपल्या मुलखाला अनोळखी नाही. निजामाच्या नोकरीतला हा अधिकारी १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. तुळजापूर त्याच जिल्ह्यातले. पुढे १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली ती शिवकालावर, आणि तिचा बराच भाग तुळजापुरातच घडतो. एका पुस्तकात भवानी गळे आवळणाऱ्यांची देवी आणि दुसऱ्यात तुळजापूरची भवानी, हे एकाच लेखकाच्या हातून झाले आहे. पहिल्या पुस्तकाबद्दल राग धरणाऱ्यांनी दुसरे जरूर वाचावे. हा माणूस इथल्या लोकांत मिसळलेला होता, त्याला इथली भाषा येत होती, आणि त्याला लोकांविषयी ममत्व होते. त्यामुळेच पहिल्या पुस्तकाचा प्रश्न अवघड होतो.

‘कन्फेशन्स’चा नायक अमीर अली तुरुंगात बसून साहेबाला आपली कहाणी सांगतो. साहेब मधूनमधून दोन शब्द बोलतो, लिहून घेतो. म्हणजे कादंबरीचा साचा माफीच्या साक्षीदाराच्या जबानीचा आहे. ‘रामसीयाना’ची प्रश्नोत्तरे इथे प्रश्न जवळजवळ पुसून सलग केली आहेत. लेखक म्हणून टेलरचे यश असे की अमीर अली आपल्याला आवडू लागतो. तो देखणा, शूर, प्रेमळ, बोलण्यात वाकबगार आहे. लहानपणी त्याच्या आईबापांना ठगांनी मारले आणि त्यांच्यातल्याच एकाने त्याला मुलगा म्हणून वाढवले, हे तर करुण आहे. पुढे आपण जिचा गळा आवळला ती आपलीच बहीण होती, हे त्याला कळते. चित्तू पेंढाऱ्याच्या लष्करातला त्याचा काळ वाचताना तर आपण कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीत असल्यासारखे रमतो. पण अमीर अलीला पश्चात्ताप होत नाही. नावावर ७१९ खून, आणि मध्ये तुरुंगात गेलेली वर्षे वाया गेल्याची खंत. इथे टेलरने स्लीमनचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलला आहे, आणि इथेच कादंबरी कच्ची राहते. इतक्या जिवंत माणसाच्या आत लेखकाला दुसरे काही सापडू नये? लोभ, भीती, टोळीत राहण्याची सक्ती, उपाशी वर्षे, हे सगळे कथेच्या कडेला दिसते आणि निवेदक त्याला महत्त्व देत नाही. त्याला ‘ठग’ हा शब्द पुरेसा वाटतो. ठग म्हणून मारतो. मारतो म्हणून ठग.

‘ठगना’ म्हणजे फसवणे, हे टेलरला नीट माहीत होते, आणि ते त्याने सांगितलेही आहे. पण तो व्युत्पत्ती सांगून पुढे जातो. वाचकाच्या मनात रुमाल उरतो, लबाडी उरत नाही. उच्चारही उरला नाही. ठ रोमन लिपीत दोन अक्षरांनी लिहिला गेला आणि इंग्रज वाचकाने ती दोन अक्षरे आपल्या सवयीने वाचली. ‘थग’ झाला तो असा, डोळ्यांनी वाचून, कानांनी न ऐकता.

आणि हा थग लगेच कामाला लागला. कादंबरी आली त्याच वर्षाच्या अखेरीस टॉमस कार्लाइलचे ‘चार्टिझम’ बाहेर पडले. त्यात ग्लासगोच्या संपकरी सूतगिरणी कामगारांच्या गुप्त हिंसेला त्याने हाच शब्द लावला आहे. कार्लाइल कामगारांचा शत्रू नव्हता. त्यांच्या दैन्यावरच ते पुस्तक आहे. तरी शब्द हाताशी आला आणि त्याने वापरला. विंध्याचल नाही, भवानी नाही, रुमाल नाही, पण शपथेने बांधलेली गुप्त टोळी एवढे साम्य त्याला पुरले. फ्रान्समध्ये यूजेन स्यूने १८४४-४५ च्या आपल्या क्रमशः कादंबरीत ‘फरिंगिया’ नावाचा गळा आवळणारा आणला. ते नाव स्लीमनच्या सर्वांत प्रसिद्ध माफीच्या साक्षीदाराचे. मार्क ट्वेन १८९६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याच्या प्रवासवर्णनात ठगांवर प्रकरणे आहेत. विसाव्या शतकातले चित्रपट मी सोडून देतो. त्यांत पाहण्यासारखे फारसे नाही.

अमेरिकेत थग म्हणजे दांडगा, गुंड असा सैल अर्थ झाला आणि मग हळूहळू तो कोणाला लावायचा हे ठरत गेले. १९९० च्या दशकात टुपाक शकूर या गायकाने ‘थग लाइफ’ हे शब्द पोटावर गोंदवून घेतले. आपल्याला जे म्हणतात ते आपणच मिरवायचे, असा तो डाव होता. जानेवारी २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूने सामना जिंकल्याबरोबर कॅमेऱ्यासमोर चढ्या आवाजात प्रतिस्पर्ध्याला सुनावले, तर त्याला देशभर ‘थग’ म्हटले गेले. त्याने उत्तर दिले ते व्याकरणाच्या पंडिताला शोभेसे होते: काळ्यांसाठीची जी शिवी आता उघड देता येत नाही, तिच्याऐवजी हा शब्द वापरला जातो. १८१६ मध्ये एक रिचर्ड शेरवुड आणि २०१४ मध्ये एक रिचर्ड शर्मन, हा केवळ योगायोग. पण माझ्या टिपणवहीत दोघांची पाने समोरासमोर आली आहेत. शर्मनने कोणाचा गळा आवळला नव्हता, कोणाला फसवलेही नव्हते. शब्दातला मूळ अर्थ गेला, स्लीमनचा अर्थही गेला. उरले ते १८३६ च्या कायद्यातले: हा माणूस काय करतो ते विचारू नका, हा कोण आहे ते पाहा.

हिंदी चित्रपटवाल्यांनी २०१८ मध्ये ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ काढला, तेव्हा आपलाच शब्द इंग्रजी अनेकवचनाचे शेपूट लावून परत आला. आता मोबाइलवर मराठी मुलेही एखाद्याच्या हजरजबाबीपणावर ‘थग लाइफ’ लिहितात. ठक, ठग, थग. तीन पिढ्या एका भाषेत नांदत आहेत आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

स्लीमनचे खाते १९०४ पर्यंत चालू होते. मग त्याचे रूपांतर केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खात्यात झाले. त्याआधीच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. ठगांवर प्रथम जे करून पाहिले ते आता सबंध जमातींवर करता येऊ लागले. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात पसरला. सोलापुरात तारांच्या कुंपणाची वसाहत झाली. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. फासेपारधी त्या यादीत होते. त्यांचा फास तितर-लाव्यांसाठीचा. शेरवुडच्या फासीगारात आणि या पारध्यात सामाईक काय असेल तर तो एक ‘फास’ शब्द. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या.

इथवर लिहून मी इंग्रजांच्या नावाने लेख संपवला असता. पण लेखासाठी जमवलेल्या कात्रणांत एक शब्द सारखा समोर येत राहिला आणि तो इंग्रजांचा नव्हता. ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’, ‘दोन भामटे जेरबंद’, ‘भामट्याने घातला लाखांचा गंडा’. मराठी वृत्तपत्रांत हा मथळा आठवड्यातून एकदा तरी असतो. मीही आजवर बोलताना कितीदा वापरला असेल. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ हे नाव आहे. एखाद्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर तहसीलदाराच्या सहीशिक्क्याने जे नाव छापले जाते, तेच सकाळी पहिल्या पानावर चोराला लावलेले असते. ही व्याख्या कोणत्या स्लीमनने केली? इथे आपल्याला कलकत्त्याचे गॅझेट दाखवता येत नाही. कोश आपले आहेत, वर्तमानपत्रे आपली आहेत.

लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आत्मकथन लिहिले, तेव्हा जमातीला लावलेला शिक्काच त्यांनी मुखपृष्ठावर घेतला: ‘उचल्या’. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टुपाकचे गोंदण यानंतरचे. ‘कन्फेशन्स’ आणि ‘उचल्या’ ही दोन पुस्तके मी गेल्या उन्हाळ्यात लागोपाठ वाचली. दोन्हींत गुन्हेगार ठरवलेला माणूस प्रथमपुरुषी बोलतो. अमीर अलीच्या समोर लिहून घेणारा साहेब बसला आहे. गायकवाडांच्या पुस्तकात ती खुर्ची रिकामी आहे, आणि म्हणून तिथे भूक दिसते, पोलिसांचा मार दिसतो, शाळेत जाणाऱ्या पोराकडे बघणारी वस्ती दिसते. चोरीही दिसते, न लपवता. तिला कारणे आहेत. टेलरला जे अमीर अलीच्या आत सापडले नाही, ते इथे पानोपानी आहे.

इंग्रजीला दिलेल्या शब्दांची माझी यादी मी आता दुरुस्त केली आहे. ‘लूट’ तशीच ठेवली. ‘ठग’ काढला. ‘भामटा’साठी वेगळी वही घातली आहे आणि तिच्यात जुन्या मराठी कागदांतल्या नोंदी उतरवायला सुरुवात केली आहे.